आठशे फूट बोअर मारला, लाव्हा का लागला नाही? आणि गोदावरी पूर्वेलाच का जाते?

प्रश्न नाशिकरोडच्या एका भूगोलाच्या शिक्षिकेचा आहे. नववीच्या वर्गात त्यांनी सांगितलं की भूपट्ट लाव्हारसावर तरंगतात आणि सरकतात. दिंडोरीकडे द्राक्षबाग असलेल्या घरातल्या एका मुलीने लगेच विचारलं, ‘आमच्याकडे आठशे फूट बोअर मारला, लाव्हा कुठं लागला? आणि प्लेटांना ढकलतं कोण?’ वर्गातल्या दुसऱ्या कुणीतरी भर घातली, की समुद्र पश्चिमेला एवढा जवळ असताना गोदावरी उलटी पूर्वेला का जाते, त्याचाही प्लेटांशी संबंध आहे का? शेवटी बाईंचा स्वतःचा प्रश्न: नाशिकला भूकंपाची किंवा ज्वालामुखीची भीती कितपत आहे?

मॅडम, मी भूगर्भशास्त्र शिकलो आणि पुढे सगळी नोकरी-धंदा विहिरी, बोअर आणि खडकाचे नमुने यांतच गेला. त्यामुळे बोअरवाल्या मुलीच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तिचा प्रश्न पुस्तकातल्या वाक्यापेक्षा सरस आहे.

‘लाव्हारसावर तरंगणारे भूपट्ट’ हे वाक्य आधी फळ्यावरून पुसा. भूपट्टाखाली लाव्हारसाचा समुद्र नाही. आठशे फूट म्हणजे जेमतेम पाव किलोमीटर, हे झालंच. पण रशियात कोला द्वीपकल्पावर शास्त्रज्ञांनी १९७० मध्ये एक भोक पाडायला घेतलं आणि १९८९ पर्यंत ते १२,२६२ मीटर खोल नेलं, म्हणजे सव्वाबारा किलोमीटर. तळाशी तापमान १८० अंश सेल्सिअस झालं, हत्यारं काम देईनाशी झाली, पण लाव्हा लागला नाही. दगडच लागला. त्याखाली आणखी शेकडो किलोमीटर दगडच आहे.

हे न खोदता कसं कळलं? भूकंपाच्या लाटांवरून. त्यातल्या एका प्रकारच्या लाटा दोरी हलवल्यासारख्या आडव्या हेलकावत जातात. अशा लाटा द्रवातून जाऊच शकत नाहीत. त्या भूकवच ओलांडतात, त्याखालच्या प्रावरणातून थेट २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत जातात आणि तिथे अडतात, कारण तिथून वितळलेल्या लोखंडाचा बाह्य गाभा सुरू होतो. म्हणजे आपल्या पायाखालचं २,९०० किलोमीटर जाडीचं प्रावरण जवळजवळ संपूर्ण घन आहे. दगड वितळतो तो मोजक्या जागी: प्लेटा फाकून खालचा दाब कमी होतो तिथे, पाण्याने भिजलेली समुद्राची जमीन खाली जाते तिथे, आणि खोलातून वर येणाऱ्या जास्त तप्त खांबांच्या माथ्यावर.

घन असूनही तो वाहतो, आणि इथेच मुलं अडतात. वर्गात गुळाची ढेप न्या. हातोडी मारली की तिचे तुकडे उडतात. तीच ढेप वैशाखात पत्र्याच्या खोलीत महिनाभर ठेवली तर खाली बसते, पसरते, कडेने फुगते. मधल्या काळात ती वितळून रस झालेली नसते. प्रावरणातला तेराशे अंशांच्या आसपास तापलेला दगड असाच वागतो. भूकंपाची लाट सेकंदात निघून जाते, तिला तो कडक वाटतो. लाखो वर्षांच्या ओढीला मात्र तो मऊ आहे.

इथेच दुसरा एक गोंधळही निस्तरून घेऊ. भूकवच आणि भूपट्ट एक नव्हेत. भूकवच म्हणजे सगळ्यात वरचा थर, समुद्राखाली साधारण सात किलोमीटर, खंडाखाली पस्तीस-चाळीस, तिबेटखाली सत्तरच्या घरात. भूपट्ट म्हणजे हे कवच आणि त्याला चिकटलेला प्रावरणाचा वरचा थंड, ताठ भाग, मिळून ढोबळमानाने शंभर किलोमीटर. ही शंभर किलोमीटरची ताठ फरशी खालच्या मऊ, पण घन थरावरून सरकते. पुस्तकातला शब्द ‘भूपट्ट’ आहे, आम्ही कामावर सगळे ‘प्लेट’च म्हणतो, मीही पुढे तेच म्हणेन.

आता ढकलतं कोण? खरं तर ढकलण्यापेक्षा ओढणंच जास्त आहे.

खाटेवर गोधडी टाकलीय आणि ती एका बाजूने जास्त खाली लोंबतेय, असं धरा. गोधडीला कुणी ढकललेलं नाही, तरी ती घसरते, कारण लोंबणाऱ्या भागाचं वजन उरलेल्या भागाला ओढत असतं. समुद्राच्या तळाची प्लेट अशीच घसरते. समुद्राखाली प्लेटा फाकून नवा तळ तयार होतो त्या मध्यसागरी डोंगररांगेपाशी ती गरम आणि नवी असते. तिथून दूर जाताना ती थंड होत जाते, जाड होते, जड होते. काही कोटी वर्षांनी ती एवढी जड होते की खालचं प्रावरण तिला पेलत नाही. मग ती दुसऱ्या प्लेटेखाली वाकून खाली जाऊ लागते. त्या जागी समुद्राच्या तळाला खोल गर्ता पडतात.

खाली गेल्यावर आणखी एक गोष्ट होते, आणि माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली तीच आहे, पण शाळेत ती कुणी सांगत नाही. समुद्राच्या तळाचा दगड म्हणजे आपल्याच काळ्या पाषाणाचा, बेसॉल्टचा, भाऊ. त्याची घनता तीनच्या आसपास: घन सेंटीमीटरला तीन ग्रॅम. प्रावरणाची घनता साधारण ३.३. म्हणजे वर असताना हा दगड हलका असतो. पण खाली दाब वाढला की त्यातली खनिजं बदलतात, त्याच मालमसाल्यातून लाल गार्नेट असलेला एक्लोजाइट नावाचा घट्ट दगड तयार होतो आणि घनता ३.४ ते ३.५ होते. आता तो प्रावरणापेक्षा जड झाला. त्यामुळे तो आणखी बुडतो आणि मागच्या प्लेटेला आणखी जोरात ओढतो. गोधडीच्या लोंबत्या टोकाला कुणी दगड बांधावा तसं.

याला पुरावा काय? वेग बघा. पॅसिफिक प्लेटेच्या कडेला अशा गर्ता मोठ्या लांबीच्या आहेत. तिचे भाग वर्षाला सात ते दहा सेंटीमीटर सरकतात. युरेशिया, आफ्रिका या प्लेटांना लोंबतं टोक जवळजवळ नाही. त्या दोन-अडीच सेंटीमीटरवर रेंगाळतात. लोंबतं टोक जेवढं मोठं, तेवढी चाल जास्त. मध्यसागरी रांग उंच असल्याने तिच्या उतारावरून प्लेट थोडी घसरते, तो दुसरा जोर, पण तो कमी.

पुस्तकात चुलीवरच्या दुधासारखी बाण काढलेली चक्रं असतात: खालून गरम येतं, कडेला वळतं आणि वरच्या प्लेटेला वाहून नेतं. ही कल्पना आर्थर होम्स यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस मांडली, आणि त्या काळी ती मोठी झेप होती. आज त्यात एवढीच दुरुस्ती करायची की प्लेट ही त्या चक्रावरची साय नाही, ती चक्राचाच वरचा, थंड झालेला भाग आहे. चक्र बहुतांशी तिच्या बुडण्यानेच फिरतं.

होम्सच्या आधी, १९१२ मध्ये, जर्मन हवामानशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी खंडं सरकतात असं सांगितलं होतं. त्यांच्याकडे पुरावे बरेच होते, पण ‘कशाने सरकतात?’ याचं पटणारं उत्तर नव्हतं, म्हणून मान्यवरांनी त्यांना उडवून लावलं. म्हणजे तुमच्या विद्यार्थिनीने जो प्रश्न विचारला त्याच प्रश्नावर वेगेनर अडले होते. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात त्यांचा मृत्यू झाला. समुद्राच्या तळाचे नकाशे मेरी थार्प यांच्या हातून उतरले ते १९५०च्या दशकात, हॅरी हेस यांनी समुद्राचा तळ फाकतो हे १९६२ मध्ये मांडलं, आणि १९६८ पर्यंत आजचं शास्त्र उभं राहिलं.

वेगेनरांच्या पुराव्यांतला एक तर आपल्या चंद्रपूरच्या कोळशात आहे. ग्लॉसोप्टेरिस नावाच्या झाडाच्या जिभेसारख्या पानांचे ठसे तिथल्या थरांत सापडतात, आणि तीच पानं दक्षिण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात आणि अंटार्क्टिकातही सापडतात. या सगळ्या जमिनी एकत्र होत्या त्या महाखंडाचं नाव गोंडवन, आपल्या गोंडांच्या प्रदेशावरूनच पडलेलं.

आता नाशिककडे येतो, कारण इथला दगड या खटल्यात साक्षीदार होता.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारताची प्लेट उत्तरेकडे जात असताना एका तप्त खांबावरून गेली. तो खांब आजही जागेवर आहे, हिंदी महासागरातल्या रेयुनियों बेटाखाली, आणि तिथला पितों द ला फुर्नेझ ज्वालामुखी अजून वरचेवर पेटतो. आपल्याकडे मात्र तेव्हा डोंगरमाथ्यावरून धूर निघणारा ज्वालामुखी नव्हता. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून पातळ लाव्हा पुरासारखा पसरला, थंड झाला, त्यावर पुन्हा पसरला. आज शिल्लक राहिलेलं क्षेत्रच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. त्यातला मोठा भाग दहा लाख वर्षांच्या आतबाहेर साचला, आणि आमच्या धंद्यात हा काळ म्हणजे घाईगर्दीच.

लाव्हा थंड होताना त्यातले लोहाचे कण त्या जागच्या चुंबकीय दिशेला धरून गोठतात. विषुववृत्तापाशी चुंबकसूची आडवी राहते, ध्रुवाकडे जावं तशी कलत जाते. त्यामुळे जुन्या दगडातला कल मोजला की तो कोणत्या अक्षांशावर गोठला ते काढता येतं. १९५०च्या दशकात ब्रिटनच्या शास्त्रज्ञांनी, आणि त्यांच्या मागोमाग मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या मंडळींनी, दख्खनच्या पाषाणावर ही मोजणी केली. उत्तर आलं दक्षिण गोलार्धातलं, पंचवीस-तीस अंशांच्या आसपास. म्हणजे प्लेटांचं शास्त्र जन्मायच्या दहा वर्षं आधीच सह्याद्रीचा कातळ सांगत होता, ‘मी इथला नाही.’

वर्गात हे गणित फळ्यावर करा, मुलांना आवडतं. रेयुनियों आज २१ अंश दक्षिणेला आहे, नाशिक २० अंश उत्तरेला. फरक ४१ अंश, एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, म्हणजे नुसतं उत्तरेकडचं अंतर साडेचार हजार किलोमीटर. याला ६ कोटी ६० लाख वर्षांनी भागा. वर्षाला सरासरी सात सेंटीमीटर निघतात. सुरुवातीला वेग याच्या दुप्पट, पंधरा सेंटीमीटरच्याही वर होता, पुढे तो मंदावला. आज जीपीएसने मोजलं तर आपण वर्षाला साधारण पाच सेंटीमीटर ईशान्येला जातो. २०१५ च्या सिंहस्थापासून २०२७ पर्यंत बारा वर्षांत रामकुंड साठ सेंटीमीटर, म्हणजे सव्वा हाताहून थोडं जास्त, सरकलेलं असेल. घाटाच्या पायऱ्यांना भेग पडत नाही, कारण पंचवटी, पुणे, नागपूर, सगळे एकाच फरशीवर बसून चालले आहेत.

भारत एवढा जोरात का पळत होता? पुन्हा गोधडी. भारत आणि आशिया यांच्यामध्ये टेथिस नावाचा समुद्र होता. त्याचा जुना, थंड तळ आशियाखाली जात होता आणि मागे भारताला ओढत होता. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी तो समुद्र संपला आणि भारताची जमीनच आशियाला भिडली. खंडाचं कवच ग्रॅनाइटसारख्या हलक्या दगडाचं असतं, घनता २.७ च्या आसपास. ते समुद्राच्या तळासारखं बुडत नाही. मग ते दुमडतं, एकावर एक चढतं, कवच दुप्पट जाड होतं आणि हिमालय उभा राहतो. एव्हरेस्टच्या अगदी माथ्यावरचा चुनखडक समुद्राच्या तळाशी साचलेला आहे.

पण एव्हरेस्ट मुलांना दाखवता येत नाही. शाळिग्राम दाखवता येतो. पंचवटीतल्या कितीतरी देवघरांत तो असतो. नेपाळच्या काली गंडकीच्या पात्रातला हा काळा गोटा, आणि त्यावरचं जे चक्र आपण विष्णूचं म्हणतो तो अ‍ॅमोनाइट या समुद्री प्राण्याच्या शंखाचा ठसा आहे. हा प्राणी टेथिसच्या पाण्यात पोहत होता. माझ्या आजीला मी हे कॉलेजात असताना मोठ्या फुशारकीने सांगितलं, तर तिने शांतपणे गोटा ताम्हनातून उचलला, पुसला आणि म्हणाली, ‘मग? क्षीरसागरातलाच निघाला ना!’ त्यावर मला आजही उत्तर सुचलेलं नाही.

एक शंका हुशार मुलं हमखास काढतात: बेसॉल्ट बुडतो म्हणालात, मग दख्खन का बुडत नाही? कारण आपला बेसॉल्ट समुद्राच्या तळावर नाही, जुन्या ग्रॅनाइटी खंडाच्या पाठीवर सांडलेला आहे. खालचं हलकं, जाड कवच त्याला धरून ठेवतं. हे थर पश्चिमेला सह्याद्रीत दीड-दोन किलोमीटर जाड आहेत आणि पूर्वेकडे पातळ होत जातात. किल्लारीला भूकंपानंतर जे संशोधनाचं भोक पाडलं त्यात ३३८ मीटरवर लाव्ह्याचे थर संपले आणि खालचा प्राचीन खडक लागला.

म्हणजे त्या मुलीला सांगा: तुमच्या बोअरला लाव्हा लागला होता. पहिल्या फुटापासून शेवटच्या फुटापर्यंत लाव्हाच होता, फक्त थंड होऊन सहा कोटींवर वर्षं झालेला.

तिच्या शेतात पुन्हा बोअरची गाडी आली तर तिला जवळ उभं राहायला सांगा. दर दहा फुटांना निघणारी भुकटी वेगवेगळ्या ढिगाऱ्यांत घालून ठेवायची. वर मुरूम, मग काळा कठीण पाषाण, मग भोकाभोकांचा खडक, मग एकदम वीटकरी लाल माती, आणि पुन्हा काळा. एका प्रवाहाचा मधला भाग घट्ट असतो, आणि वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकल्याने भोकं राहतात. लाल थर म्हणजे दोन प्रवाहांमधली विश्रांती. लाव्हा थांबला, ऊन-पावसाने वरचा दगड कुजला, माती झाली, आणि पुढच्या प्रवाहाने ती झाकली, भाजली. लाल आला की गाडीवाले सावध होतात, कारण तो ढासळतो आणि तिथे केसिंग, म्हणजे भोकाला आतून आधार देणारा पाइप, घालावं लागतं. पाणी बहुधा त्याच्या वरच्या भोकाळ खडकात मिळतं, कारण लाल चिकणमाती ते खाली झिरपू देत नाही. दिंडोरीच्या एका बागेत म्हाताऱ्या विहीरवाल्याने मला लाल थरावर बोट ठेवून सांगितलं होतं, ‘साहेब, हितं धरतीनं दम खाल्ला.’ रेड बोल या संज्ञेची याहून चांगली व्याख्या मी ऐकलेली नाही.

त्या भोकांमध्ये पुढे गरम पाण्यातून खनिजं साचली: पांढरी, गुलाबी, क्वचित हिरवी. पांडवलेणीच्या परिसरातल्या खाणींचा हिरवा अ‍ॅपोफिलाइट जगभरच्या संग्राहकांना माहीत आहे, आणि सिन्नरचं ‘गारगोटी’ संग्रहालय याच ऐवजावर उभं आहे. सहल काढायचीच तर तिथेही न्या.

आता गोदावरी. मला सगळ्यात आवडणारा प्रश्न हाच, कारण याचं उत्तर नकाशावर दिसतं पण पटकन सुचत नाही.

त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र सुमारे ऐंशी किलोमीटर. गोदावरी तिकडे पाठ फिरवते आणि १,४६५ किलोमीटर चालून आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच डोंगरांतून निघणारी वैतरणा मात्र पश्चिमेला उतरते आणि लवकरच समुद्र गाठते. एकाच डोंगरगटाच्या दोन अंगांचं पाणी दोन समुद्रांत जातं.

कारण असं, की भारताची पश्चिम कड ही फाटलेली कड आहे. आधी, सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी, तिथून मादागास्कर सुटलं. मग दख्खनचा लाव्हा येऊन गेल्यावर लवकरच, सुमारे ६ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी, सेशेल्सचा तुकडा तुटला आणि मध्ये अरबी समुद्राचा नवा तळ तयार होऊ लागला. खंड फाटतो तेव्हा फाटलेली कड वर उचलली जाते. भाकरी तव्यावरून काढताना मोडली की मोडल्या जागी कड वर येते, तशी. कड उचलली म्हणजे उरलेलं पठार पूर्वेकडे कललं. कल अगदी थोडा आहे, डोळ्याला कळणार नाही, पण पाण्याला कळतो. गोदावरी, भीमा, कृष्णा या तिघी सह्याद्रीच्या माथ्याशी जन्मून समुद्राकडे पाठ करतात, त्या याच कलामुळे. पनवेलच्या बाजूला उलट चित्र आहे. तिथे हेच थर वाकून समुद्राकडे उतरलेले दिसतात.

आणि म्हणून सह्याद्रीला मी हिमालयाच्या अर्थाने पर्वत म्हणत नाही. तो दुमडून उभा राहिलेला नाही, तो पठाराची झिजलेली कड आहे. मूळ फाटलेली रेघ आणखी पश्चिमेला होती. कोकणातल्या आखूड, जोरदार नद्यांनी कडा कुरतडत तो पूर्वेला मागे आणला. कळसूबाई १,६४६ मीटर, साल्हेर १,५६७ मीटर: ही शिखरं वर ढकललेली नाहीत, आजूबाजूचं झिजून गेल्यावर मागे राहिलेली आहेत. चांदवड-सटाण्याकडचे सपाट माथ्याचे किल्ले बघा, एका पातळीत कापल्यासारखे. धोडपची ती प्रसिद्ध खाच ज्या भिंतीत आहे, ती भिंत म्हणजे भेगेतच गोठलेला लाव्हा. आजूबाजूचे मऊ थर गेले, ती उरली. आपल्या जिल्ह्याच्या उत्तर भागात आणि पुढे धुळे-नंदुरबारकडे अशा भिंतींच्या रांगाच रांगा आहेत.

राहिला भीतीचा प्रश्न. ज्वालामुखीचं थेट सांगतो: नाशिकखाली आज तसलं काही नाही. तप्त खांब साडेचार हजार किलोमीटर मागे राहिला. भारतात जिवंत ज्वालामुखी एकच, अंदमानातला बॅरन बेटावरचा, आणि तो एक प्लेट दुसरीखाली जाते तशा कडेवर आहे.

भूकंपाचं तसं नाही. जगातले बहुतेक भूकंप प्लेटांच्या कडांवर होतात: २६ डिसेंबर २००४ चा सुमात्रा-अंदमानचा, २५ एप्रिल २०१५ चा नेपाळचा. आपण कडेपासून लांब आहोत. पण आपली प्लेट दोन बाजूंनी दाबली जाते. दक्षिणेकडून हिंदी महासागरातली रांग तिला रेटते, उत्तरेला हिमालय अडवतो. हा दाब मधल्या जुन्या भेगांवर साचतो आणि कधीतरी सुटतो. कोयना, ११ डिसेंबर १९६७, तिथे धरणाच्या पाण्याने भेगेला निमित्त दिलं. किल्लारी, ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास, तीव्रता ६.२, सुमारे दहा हजार माणसं गेली. आकड्याने हा भूकंप राक्षसी नव्हता. केंद्र उथळ होतं, लोक झोपलेले होते, आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती व धाब्याची जड छतं अंगावर आली.

आपल्या जिल्ह्यात पेठ, सुरगाणा, कळवण या पट्ट्यात अधूनमधून लहान धक्के जाणवतात. दिंडोरी रोडवरच्या ‘मेरी’त, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, त्यांच्या नोंदी होतात. शेजारच्या पालघरमध्ये २०१८ च्या अखेरीपासून लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली, तीही याच जातीची. भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाच्या (आयएस १८९३) २०१६ च्या आवृत्तीत नाशिक तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या विभागात आहे. अमुक तारखेला अमुक वाजता भूकंप होणार, असा निरोप मोबाइलवर आला तर तो पुढे पाठवू नका, असं भाकीत आज कुणालाही करता येत नाही. त्यापेक्षा आपल्या इमारतीच्या तळमजल्यावर जा आणि पार्किंगचे खांब बघा. वर सहा मजले भिंतींनी भरलेले आणि खाली नुसते बारीक खांब, हा प्रकार मला प्लेटेपेक्षा जास्त काळजीचा वाटतो. शाळेची इमारत जुनी असेल तर मुख्याध्यापकांना सांगून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या.

सहलीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. त्रिरश्मी डोंगरावर, पांडवलेणीला, सकाळी लवकर न्या. लेणी बघून झाली की कातळाच्या तुटलेल्या कडेपाशी थांबून मुलांना भोकाळ थर आणि घट्ट थर हाताने चाचपायला लावा. मग ब्रह्मगिरी. वाटेत एखाद्याला होकायंत्र न्यायला सांगा आणि माथ्यावरच्या उघड्या कातळाला अगदी टेकवून बघा. वीज पडून गेलेल्या जागी सुई भलतीकडेच बघते, त्यामुळे चुंबकीय मोजणीचे नमुने आम्ही माथ्यावरून घेत नाही. कसारा घाटातले पायऱ्यांसारखे थर बसमधूनच दाखवा. पावसाळ्यात तिथे दरड येते, मुलांना खाली उतरवू नका.